दोन कुलपांमागचं बी

दादा,

परवा पाचोडचा एक माणूस माझ्या टेबलासमोर बसून रडला. चांगला चाळिशीतला, मिशीवाला, वाळूजच्या एका बाँडेड गोदामाचा कीपर. म्हणजे तुम्ही जे काम केलं, तेच. त्याच्या गोदामात परदेशातून आलेला कागद होता, मोठाले रोल, ज्यावरची ड्यूटी अजून भरायची होती. पन्हळ तुंबली, पाणी भिंतीवरून आत उतरलं आणि माल भिजला. असा गोदामातच नष्ट झालेला, बाजारात गेलाच नाही असा माल असला तर त्यावरची आयात ड्यूटी सरकार माफ करतं. त्या माफीचे अर्ज लिहिणं हे माझं काम. वीस वर्षं तेच करतेय, मजकूर तोंडपाठ झालाय. तरी माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी 'नष्ट' हा शब्द लिहीत नाही, आणि त्यावरून ऑफिसात माझी थट्टा चालते. मॅडम मढं बघितल्याशिवाय सुतक धरत नाहीत, असं म्हणतात. म्हणोत बापडे. मी वाळूजला गेले, त्या माणसाला रोल उलगडायला लावले, आणि मागच्या रांगेत फळ्यांवर ठेवलेले नऊ रोल आतून कोरडे निघाले.

मी ते नऊ अर्जात वेगळे दाखवले. मालक फोनवर कुरकुरला. सगळं एका कलमात बसत होतं मॅडम, आता दोन तारखा, दोन चौकशा. मी त्याला म्हटलं, नष्ट वेगळं आणि खराब वेगळं, आणि चांगलं त्याहून वेगळं. ते ऐकून समोर बसलेला तो कीपर म्हणाला, "म्हंजी म्याडम, समदं नाय गेलं?" मी म्हटलं, नाही, नऊ धड आहेत. त्यानं गळ्यातला रुमाल काढून तोंडावर धरला. "आठ दिस झाले, अन्न गोड लागंना," म्हणाला. "मला वाटलं, माझ्या हातानं समदंच गेलं." त्याला पाणी दिलं आणि मी उठून बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. दादा, तुम्हाला असं कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते तुमची लेक म्हणून मीच सांगू शकत होते. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, म्हणून हे आता कागदावर.

तुमचं गोदाम चिकलठाण्याला. बियाणांच्या शेठचं, पत्र्याचं, आत एक थंड खोली, आणि त्या खोलीला दोन कुलपं. एक शेठचं, त्याची किल्ली तुमच्या करगोट्याला. दुसरं सरकारचं, त्याची किल्ली कचेरीतल्या इन्स्पेक्टरकडे. दोन्ही किल्ल्या एका वेळी आल्याशिवाय दार उघडायचं नाही. मी बारा वर्षांची असताना सुट्टीच्या दिवशी तुमचा डबा घेऊन यायचे. एकदा सरकारी कुलपावरच्या लाखेच्या शिक्क्याला मी बोट लावलं, नुसतं लावलं, तर तुम्ही असे ओरडलात की बाहेर पोती उचलणारे हमाल थांबले. "हात काढ. ते आपलं नाय. आपलं नाय त्याला हात लावायचा नाय." मी रडत डबा ठेवून निघाले. संध्याकाळी तुम्ही घरी आलात ते खिशात लाखेचा एक लाल तुकडा घेऊन, शिक्के मारून उरलेला. "ही घे," म्हणालात, "ही उरलेली, ही आपली." तो तुकडा मी बरेच दिवस कंपासपेटीत ठेवला होता. तुमचा राग असाच असायचा. सकाळी चढायचा आणि दिवेलागणीच्या आत काहीतरी घेऊन परत यायचा.

आणि तुमचा हात. आपल्या गावी, देवगाव रंगारीला, अख्खी आळी म्हणायची की ह्याचा हातगुण चांगला. मिरगाच्या पेरणीला काका सायकल हाणत तुम्हाला न्यायला यायचे, कारण आपल्या दोन एकराच्या तुकड्यात पाभरीच्या चाड्यावर बियाण्याची पहिली मूठ तुमचीच हवी. तुम्ही विहारातल्या सभेत अंधश्रद्धेवर बोलणारे, माय तुम्हाला चिडवायची, "सभेत एक बोलता आन् चाड्यावर एक करता." तुम्ही हसून म्हणायचात, "हात हाय तर हाय, मी काय करू?" शहरात छावणी भागातल्या आपल्या त्या दोन खोल्यांत स्वयंपाकघराच्या खिडकीत कायम दोडक्याचं, भोपळ्याचं, वालाचं बी वाळत पडलेलं असायचं. मायला तवा ठेवायला जागा नसायची. कुणी बी मागायला आलं की तुम्ही कागदाच्या पुडीत बांधून देताना वर सांगायचात, "लागलं नाय तर मला येऊन सांग." कुणी सांगायला आल्याचं मला आठवत नाही.

मग तो मे महिना. थंड खोलीत टरबुजाचं बी होतं, परदेशी, महाग, ड्यूटी न भरलेलं. ट्रान्सफॉर्मर जळाला आणि जनरेटरनंही मान टाकली. आत पत्र्याखाली मशीन बंद, गारव्याचं पाणी झालेलं, आणि बाहेर असा उकाडा की डांबर चपलेला चिकटावं. तुम्ही सायकल घेऊन कचेरीत गेलात. साहेब लग्नाला गावाला गेलेले, किल्ली त्यांच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्यासोबत. तुम्ही पाच दिवस रोज गेलात, रोज लेखी अर्ज दिलात. शेठ म्हणाला, "ताला मत तोडना, केस हो जाएगी." तुम्ही तोडलं नाहीत. पण त्या पाच दिवसांत तुम्ही दारावर हाताचा तळवा ठेवून उभे राहायचात. मी डबा घेऊन आले तेव्हा पाहिलंय. मी विचारलं, काय करताय, तर म्हणालात, "गरम लागतंय आतून." गोदामातल्या तुमच्या खोलीत लोखंडी पहारही होती. कोपऱ्यात उभी होती.

साहेब आले, दार उघडलं. आतून वाफ आली, आंबूस. साहेब भले होते, त्यांनी चिठ्ठी करून एक डबीभर नमुना सरकारी प्रयोगशाळेला पाठवला आणि एक डबी शेठला दिली. शेठनं ती तुमच्या हातात ठेवली आणि म्हणाला, तूच बघ, तुला कळतं, तू सांगशील तसं करू. त्या रात्री, जेवताना, तुम्ही मायला सगळा कायदा समजावून सांगितलात. मी पाटावर बसून भाकरी कुस्करत ऐकत होते. बी सगळं मेलं असेल तर माल 'नष्ट', ड्यूटी माफ, पंचांसमोर जाळून टाकायचं आणि विषय संपला. थोडं जिवंत असेल तर माल 'खराब', मग पोत्यापोत्याची तपासणी, ड्यूटी कमी करायची वेगळी दरखास्त, आणि मालक-कीपरची हयगय होती का याची चौकशी. माय म्हणाली, "चौकशीत तुमचं नाव आलं तर?" तुम्ही म्हणालात, "तर शेठ ठेवंल का मला?" माय म्हणाली, "मग देवगावला जायचं का परत?" तुम्ही पाण्याचा तांब्या तोंडाला लावलात आणि खाली ठेवून म्हणालात, "समदं मेलेलं असलं तर बरं." हे वाक्य मी कानांनी ऐकलं. ते बोलताना तुमचं तोंड कसं झालं होतं, ते बघायची अक्कल तेव्हा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळलात, स्वयंपाकघराच्या फरशीवर अंथरलात आणि त्यावर शंभर बिया मांडल्यात, दहाच्या दहा ओळी. देवगावात पेरणीआधी घरोघर करतात तसंच. मला मांडी घालून शेजारी बसवलंत. "दोन बियांत एवढं अंतर पायजे, बोटभर. एकमेकाला चिकटलं की एकाचा रोग दुसऱ्याला." मग गुंडाळी करून सुतळीनं सैल बांधलीत आणि शेगडीशेजारी उबेला पितळी पातेल्यात उभी केलीत. उरलेल्या बियांची डबी फळीवर. रोज दोनदा पाणी शिंपडायचं काम माझं. तुम्ही कामावर जाताना म्हणायचात, "पाणी नीट दे. लई नको, कमी नको." आणि संध्याकाळी आल्यावर चप्पल काढायच्या आधी पातेल्याकडे बघायचात. पण उघडायचा नाहीत. सात दिवस उघडायचं नाही, असा तुमचा नियम होता, आणि तुमचा नियम म्हणजे घरातलं तिसरं कुलूप.

सहाव्या दिवशी दुपारी माय शेजारी धान्य निवडायला गेलेली. मी पाणी शिंपडलं आणि सुतळी सोडली. नुसतं बघायचं होतं. गोणपाट उलगडलं. बहुतेक बिया बुळबुळीत, काहींवर बुरशी. पण मध्येच पांढरे मोड. बारीक, वाकडे, एक तर चांगला बोटाच्या पेराएवढा. मी मोजले. चौदा होते. दादा, चौदा. मी ते एकेक वेचून काढले, मोरीत टाकून वर तांब्याभर पाणी ओतलं, आणि फळीवरच्या डबीतल्या चौदा बिया त्या रिकाम्या जागी ठेवल्या, बोटभर अंतर राखून, तुम्ही शिकवलं तसं. कोरड्या दिसतील म्हणून आधी ओंजळीत भिजवल्या, शेगडीच्या राखेत जरा मळवल्या. मग पुन्हा गुंडाळी, पुन्हा सुतळी. तुमची नोकरी वाचावी म्हणून मी ते केलं. तुम्हीच म्हणाला होतात, समदं मेलेलं असलं तर बरं.

सातव्या दिवशी तुम्ही अंघोळ करून, हात धुऊन बसलात. मी दाराला टेकून उभी. मला वाटत होतं, आता तुम्ही हसाल, मला उचलून घ्याल, वय नव्हतं तरी. तुम्ही उलगडलंत. पहिल्या ओळीपासून नखानं एकेक बी उलटत गेलात. शेवटच्या ओळीपर्यंत आलात आणि पुन्हा पहिलीपासून सुरू केलंत. तिसऱ्यांदाही केलंत. माय म्हणाली, "काय हाय?" तुम्ही म्हणालात, "एकबी नाय." ती म्हणाली, "चला, सुटलो बाई." तुम्ही म्हणालात, "व्हय. सुटलो." आणि ते गोणपाट तुम्ही मांडीवर घेऊन बसून राहिलात, ओलं, लेंगा भिजत होता तरी. मायनं समोर ठेवलेली भाकरी तशीच राहिली. मला तेव्हाच कळलं की काहीतरी उलटं झालंय. बोलायला तोंड उघडलंही. पण तुम्ही उठलात आणि सायकल काढून शेठला सांगायला निघालात.

प्रयोगशाळेचा कागद आला, 'पेरणीस अयोग्य'. चौदा उगवले काय आणि एकही नाही काय, त्यांच्या मापात दोन्ही अयोग्यच. पण शेठनं ठरवलं ते तुमच्या शब्दावर. तुम्ही म्हणाला असतात की थोडं जिवंत आहे, तर तो पोतं न् पोतं तपासून घेणार होता. भिंतीकडची, जमिनीलगतची पोती कदाचित बरी निघाली असती. आज हा धंदा कळतो म्हणून सांगते, निघालीच असती. त्यानं अर्जात लिहिलं, पूर्णपणे नष्ट. माफी मंजूर झाली. गोदामामागे खड्डा खणला, साहेब आले, पंच आले, चुना आणि रॉकेल आणलं. शेठ तुम्हाला म्हणाला, तुमच्या हातानं सुरुवात करा. हे तुम्ही मायला सांगितलंत, मला नाही. मी पलीकडच्या खोलीत पुढच्या वर्षीचं भूगोलाचं पुस्तक चाळत होते. "पहिलं पोतं मी उपडं केलं," तुम्ही म्हणत होतात, "हातात घेतलं तर चांगलं जड होतं गं बी. मेल्यावाणी वाटत नव्हतं." तुमच्या सदऱ्याचा धुराचा वास दोन धुण्यांत गेला नाही.

पंधरा दिवसांनी काका आले, मूठ धरायला चल म्हणाले. तुम्ही ओट्यावर बसून पायाची नखं बघत होतात. "माझ्या हातात बी देऊ नका आता." काका चिडले. "येडा झाला का तू? मशीन बंद पडली, सायेब गावाला, त्याला तू काय करणार?" तुम्ही म्हणालात, "पहार होती माझ्याकडं." मग पुढं म्हणालात, "शंभरातलं एक उगवलं असतं ना, एक, तरी आलो असतो." मी उंबऱ्यात बसले होते, दादा. हातात पाटी नव्हती, पुस्तक नव्हतं, काहीच करत नव्हते. एक वाक्य बोलायचं होतं. काका एकटेच गेले. त्यानंतर तुम्ही चाड्याला कधी हात लावला नाहीत. खिडकीतलं बी मायनं एक दिवस गोळा करून शेजारी देऊन टाकलं, आणि तवा ठेवायला जागा झाली.

नोकरी राहिली. तुम्ही त्याच गोदामातून रिटायर झालात, हारतुरे घेऊन. लोक म्हणायचे, तुमच्यासारखा कीपर नाही. तुम्ही मान हलवायचात, आणि मला तुमच्या मानेकडे बघवत नसे. मी ह्या धंद्यात का आले, असं लोक विचारतात. वडिलांचा वारसा, असं सांगून मोकळी होते. खरं म्हणजे मला ते कायदे समजून घ्यायचे होते, की त्या दिवशी मी नक्की काय मोडलं. कुठल्याच कलमात ते सापडत नाही.

शेवटच्या महिन्यात तुम्ही हॉस्पिटलात होतात. मी डबा घेऊन यायचे, तुम्ही दोन घास खाऊन झाकण लावायचात. एकदा माझ्या पिशवीतली फाईल काढून चष्म्याशिवाय चाळलीत. विचारलंत, "तू लई अर्ज लिहिलेस. समदंच्या समदं गेलं, असं असतं का गं कधी?" मी म्हटलं, नसतं दादा, थोडंफार राहतंच. तुम्ही फाईल पोटावर ठेवलीत आणि छताकडे बघत म्हणालात, "मग माझंच कसं समदं गेलं?" मी चादर सारखी केली. सलाईनचा थेंब मोजला. तुम्हाला पाणी हवं का, विचारलं. तुम्ही नको म्हणालात, आणि पुन्हा विचारलं नाहीत. त्या खोलीत तेव्हा आपण दोघंच होतो, आणि बाहेर जायची मला काही घाई नव्हती.

आता चौदा होते, हे तुम्हाला सांगून झालं. तुमच्या हातात काही खोट नव्हती. पाच दिवस वाफेत राहूनही चौदा उठले, आणि ते तुम्ही मांडलेल्या ओळींत उठले. हे लिहून मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं वाटत नाही, कारण अजून थोडं राहिलंय.

वर मी लिहिलंय की तुमची नोकरी वाचावी म्हणून मी ते केलं. तीस-पस्तीस वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत आलेय, आणि लहान पोरीनं बापासाठी केलं म्हटलं की ऐकायलाही बरं वाटतं. पण त्या दुपारी मोड वेचताना तुमचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर नव्हता. माय म्हणाली होती, देवगावला जायचं का परत, आणि मला जायचं नव्हतं. तिथं मला शेण काढायला लावतील, शाळा सुटेल, लग्न लावून देतील, एवढंच डोक्यात होतं. जूनपासून मी नव्या शाळेत जाणार होते, निळा गणवेश शिवायला टाकला होता. तुम्ही मध्ये कुठंच नव्हतात, दादा. हे मी तुम्हाला हॉस्पिटलात सांगू शकले नाही, ते भीतीनं नव्हे. चौदा होते असं सांगितलं असतं, तर तुम्ही लगेच म्हणाला असतात, माझ्यासाठी केलंस ना पोरी. आणि मी हो म्हटलं असतं.

हे पत्र वाचून कुणीही तेच म्हणेल, म्हणून ते कुणाच्या नावानं पाकिटात घालायचं नाही. पुन्हा वाचताना, तुमची नोकरी वाचावी म्हणून, हे वरचं वाक्य खोडायला मी पेन दोनदा टेकवलं. अजून ते तसंच आहे.